डावा खुबा

अमरावतीच्या सुईणींच्या वर्गात आज पार्बताची पाळी होती. सांगाड्याच्या कमरेवर ओल्या काळ्या मातीचे स्नायू चढवायचे होते. शेजारच्या सरकी काढायच्या जिनातून कापसाचे पुंजके तरंगत आत येत होते, आणि पार्बता डोळे मिटून माती थापत होती. नितंबाचा मोठा स्नायू झाला, त्याखालचे मांडीकडे उतरणारेही झाले. मग तिने डाव्या खुब्यावर तळहात ठेवला आणि हळूच दाबला.

डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या. "उजवी बाजू अगदी बरोबर आहे. पण डावीकडे हा खळगा कशाला?"

"असू द्या ना, बाई."

"उद्या परीक्षेला नागपूरचे साहेब येतील. नापास करतील तुला. भर तो."

पार्बताने मातीचा गोळा उचलला, पण हात पुढे जाईना.

"माय वांग्याची टोपली घेऊन अंजनगावच्या बाजारात जाये," ती म्हणाली. "उजवा हात डोक्यावरच्या टोपलीले, अन् मी डाव्या कडेवर. तिचं तोंड मले याद नाही, बाई. माही बसाची जागा तेवढी याद हाये."