ग्रेडीसाहेबांचा दुभाषी

पहिल्या विनोदाला कोणी हसलं नाही.

दुबईतल्या अल क्वोजच्या कामगार वसाहतीतल्या मेसमध्ये रविवारी दुपारी तीनशे माणसं बसली होती. आठवड्यातली एकमेव सुट्टी मोडून त्यांना इथे आणलं होतं. समोर हॉलिस ग्रेडी, अमेरिकेतला नावाजलेला विनोदी कादंबरीकार, वय एक्क्याऐंशी. शेजारी माइक धरून एचआरचा सूर्यकांत, त्या दिवसापुरता दुभाषी.

ग्रेडींचे काका वारले, तेव्हा शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं गवत कापायचं मशीन त्यांच्याबरोबरच पुरलं गेलं. शेजारी अजून दर रविवारी कबरीवर येतो. रडायला नाही, मागायला.

सूर्यकांतने हे हिंदीत जसंच्या तसं सांगितलं. मागून एकाने विचारलं, "साब, मशीन कितने का था?"

कोपऱ्यात सुजीत मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो सूर्यकांतचा साहेब, वयाने वीस वर्षांनी लहान. हसणारे चेहरे पाहिजेत, व्हिडिओ हेड ऑफिसला जाणार आहे, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. सूर्यकांतच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल महिनाभर त्याच्याच टेबलावर पडून होतं.

सूर्यकांतने आदल्या रात्री माहितीपत्रक चाळलं होतं. सतरा कादंबऱ्या, वडील भारतात मिशनरी डॉक्टर, असंख्य पुरस्कार. त्यातलं काहीच इथे कामाला येणार नव्हतं.

ग्रेडी आता इन्कम टॅक्सवर बोलू लागले. सूर्यकांतने ऐकून घेतलं आणि हिंदीत सांगितलं की, साहेब म्हणतात, तुमच्या मेसमधली डाळ इतकी पातळ आहे की आज सकाळी त्यांनी तिच्यात बघून दाढी केली.

मेस हादरली. ग्रेडीही हसले.

मग सूर्यकांत थांबलाच नाही. ग्रेडी अमेरिकेतल्या निवडणुकांवर बोलले, त्याने बसच्या बंद पडलेल्या एसीवर सांगितलं. ग्रेडींनी कुत्र्याची गोष्ट सांगितली, त्याने फोरमनची. ग्रेडींची वाक्यं हळूहळू आखूड होत गेली. म्हातारा दमलाय, असं सूर्यकांतला वाटलं. तोही दमला होता. अठ्ठावीस वर्षं गल्फमध्ये दुसऱ्यांचंच म्हणणं तिसऱ्यांना सांगत आला होता. आज पहिल्यांदाच लोक त्याच्या स्वतःच्या बोलण्यावर हसत होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

चाळीस मिनिटांनी सुजीतने अंगठा दाखवला.

ग्रेडींना हॉटेलवर सोडायचं कामही सूर्यकांतकडेच होतं. ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. बायकोचा, शोभनाचा फोन आला तो त्याने गाडीच्या स्पीकरवरच घेतला. मराठीत बोलायला त्याला पाहुण्याची अडचण नव्हती.

कार्यक्रम कसा झाला, तिने विचारलं.

"झाला. खलास. लोक हसले, पण त्याच्या विनोदांना नाही. मी माझेच सांगितले."

"अहो, आणि त्यांना कळलं तर?"

"त्याला काय कळणार? आपल्याच विनोदांना हसतायत म्हणून खूश आहे." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "खरं सांगू? म्हाताऱ्यात आता काही राहिलेलं नाही गं. जुन्या नावावर दिवस काढतोय. वाईट वाटतं बघून."

रिन्यूअलचं काय, शोभनाने विचारलं. इन्शाल्ला, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

हॉटेलच्या दारात त्याने उतरून मागचं दार उघडलं. ग्रेडी त्याच्या खांद्याचा आधार घेत सावकाश उतरले, कोटाची बटणं लावली, हात पुढे केला. सूर्यकांतने इंग्रजीत आभार मानायला सुरुवात केली.

"वहिनींना माझा नमस्कार सांगा," ग्रेडी म्हणाले. "म्हाताऱ्यात काही राहिलेलं नाही हे आमच्याकडचे पेपरवाले नऊ वर्षं इंग्रजीत छापतायत. मला कधी पटलं नाही. आज मराठीत ऐकलं, आणि पटलं."