साठाला एक कमी

"एक मार्क, बाई. फक्त एक!" कोच टार्व्हरनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "परमेश्वरसुद्धा इतकं काटेकोर मोजत नाही हो."

"त्याला पेपर तपासावे लागत नाहीत," हॅस्केटबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

टेबलावर रॉइस लिंडालचा बीजगणिताचा पेपर होता. शंभरात एकोणसाठ. पास व्हायला साठ हवेत. शाळेचा नियम असा, की शुक्रवारी बाराच्या आत पाचही विषयांच्या शिक्षकांनी चिठ्ठीवर 'पास' लिहून सही केली, तरच खेळाडूने संध्याकाळी मैदानात उतरायचं. चार सह्या झाल्या होत्या. आणि आजची फुटबॉलची मॅच होती केल्टनच्या शाळेशी. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या या चिमुकल्या गावाने केल्टनला अकरा वर्षांत एकदाही हरवलं नव्हतं. यंदा रॉइस होता, म्हणून सगळं गाव देव पाण्यात घालून बसलेलं.

"गेल्या शुक्रवारी डोकं आपटून पडला पोरगा," कोच म्हणाले. "दोन मिनिटं हालेना. हुंगायचं औषध नाकाशी धरलं, उठला आणि पुन्हा खेळला! असलं काळीज बघितलंय कधी?"

"काळजाचा पेपर असता तर शंभर दिले असते. हा बीजगणिताचा आहे."

"मागचा पेपर गेला, म्हणून तुम्ही काल त्याला पुन्हा बसवलात. एवढं केलंत, मग घोडं आता कुठे अडलं?"

"एकोणसाठावर," बाई म्हणाल्या.

कोच दार आपटून गेले. घड्याळात साडेअकरा.

बाईंनी पेपर चौथ्यांदा तपासला. सहाव्या गणितात पोराने दोन पायऱ्या अगदी नेटक्या मांडल्या होत्या आणि मग एकदम भलतंच उत्तर लिहून टाकलं होतं. पायऱ्यांचे दोन मार्क त्यांनी दिले होते. तिसरा दिला की झाले साठ. लाल पेन्सिल हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या.

घाबरल्या होत्या, खोटं कशाला बोला! रॉइसचे वडील हार्डवेअरचं दुकान चालवत आणि शाळेच्या मंडळावरही होते. बाईंची नोकरी पुढच्या वर्षी राहणार की जाणार, ते मंडळ दर वसंतात ठरवी. काल खिळ्यांची पुडी बांधता बांधता लिंडालसाहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, "बाई, तुम्हाला आमचं गाव आवडतं ना?" पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच. वय बावन्न, भाड्याची खोली, दुसरी शाळा कोण देणार?

पण मागच्या वर्षी दूधवाल्याची डोरिस एकोणसाठावरच राहिली होती. त्या मुलीची अख्खी उन्हाळी सुट्टी त्यात गेली. तिच्यासाठी कुणी दार आपटलं नव्हतं. डोरिसला एक न्याय आणि रॉइसला दुसरा, तर मग खडू हातात धरायचाच कशाला?

बाईंनी चिठ्ठीवर 'नापास' लिहिलं, सही ठोकली आणि पेपरासकट ती शिपायाहाती ऑफिसात पाठवली. गंमत म्हणजे, त्यांना एकदम हलकं वाटलं. आता जे व्हायचं ते होवो.

व्हायला वेळ लागला नाही. जेवणाच्या हॉलमध्ये वाढणाऱ्या बाईने त्यांच्या बटाट्यावर रस्सा घातलाच नाही. जिममध्ये दुपारपासून वाजणारा बँड मध्येच बंद पडला. पुढच्या तासाला वर्गात गेल्या, तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'एक मार्क उसना मिळेल का?'

त्यांनी फळा पुसला. "कुणाला शंका?"

मागून आवाज आला, "बाई, केल्टनच्या पोरांनाही तुम्हीच शिकवता का?"

वर्ग खो खो हसला. बाईंनाही हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं आणि समीकरण लिहायला घेतलं.

साडेतीनला शाळा सुटली. बाई वर्गातच बसून राहिल्या. बाहेर पडायचा धीर होईना.

"बाई, येऊ का?"

दारात रॉइस उभा होता. सहा फुटांचा गडी, हाताने चौकट धरलेली. सोमवारपासून तो जिन्यातही असाच कठडा धरून चढे. पडूनही खेळल्याचा रुबाब दाखवतोय, असं बाईंना वाटलं होतं. आता मात्र त्याची बोटं चौकट सोडत नाहीत, हे त्यांना दिसलं.

"ये."

"बाबा प्राचार्यांकडे जाऊन आले. ते म्हणतात, बाईंनी मनावर घेतलं तर अजूनही जमेल."

"मी मार्क बदलणार नाही, रॉइस."

"कोच पुन्हा आले तर?"

"तरी नाही."

"आणि बाबा स्वतः आले तर? तुमच्या नोकरीवर आलं तर?"

"अरे, किती वेळा सांगू? एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ. नोकरी जायची तर जाऊ दे!"

"नक्की, बाई?"

"नक्की."

रॉइस पहिल्या बाकावर मटकन बसला. ओंजळीत तोंड खुपसलं. खांदे गदगदू लागले. बाईंचं काळीज पिळवटून निघालं. त्या उठल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको रे बाळा. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस."

त्याने मान वर केली. डोळे भरलेले होते, पण पोरगा हसत होता.

"मी सत्तावन्नच धरले होते, बाई," तो म्हणाला. "डोकं अजून गरगरतंय, पण खेळत नाही म्हणायची सोय कुठे होती? सहाव्याला दोन कशाला दिलेत? ऑफिसात पेपर बघून माझा जीवच गेला होता!"