शंभर गुणांचा झेल

"गुण देताना हात-पाय बघायचे, चेहरा बघायचा नाही," असं काम शिकवणाऱ्या चारुताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मृणालने ते हसण्यावारी नेलं होतं.

पुण्यात घरी बसून अमेरिकेतले फुटबॉल सामने बघायचे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला व तो झेलणाऱ्या रिसीव्हरला गुण द्यायचे, हे तिचं काम. खेळाडूंच्या मानेत चिप बसवल्यापासून कामात फारसं काही उरलंच नव्हतं. झेल सुटायचेच नाहीत.

आज सकाळी डॅरिल नावाच्या रिसीव्हरला डोक्यावर जबर धडक बसली. तरी तो लगेच उठला, धावला आणि पुढचा चेंडू अलगद झेलला. मृणालने चित्र मोठं केलं. हेल्मेटच्या जाळीआड डोळे अर्धवट उघडे होते आणि बुबुळं वर गेली होती. मांडीवर गाढ झोपलेल्या तिच्या बाळाचे डोळे अगदी असेच दिसत होते.

तिने फोन लावला. "चारुताई, हा माणूस शुद्धीवर नाहीये! चिप पळवतेय त्याला."

"अगं, म्हणून तर झेल सुटत नाही. शुद्धीवरचे घाबरतात, अंग चोरतात. शंभर दे आणि पुढे चल. बाळ कसंय?"

मृणालने फोन ठेवला. गुणांसोबतचा तिचा शेरा इंग्रजीत भाषांतर होऊन स्टेडियममधल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसायचा. तिने लिहिलं:

"झेलाला शून्य. तुमच्यातलं जे कोणी मैदानाजवळ बसलं असेल, त्याने कृपा करून खाली उतरावं आणि डॅरिलला नावाने हाक मारून बघावी. तो ओ देतो का, एवढंच बघा."