कमानीखालची जागा

"बूट काढा, साहेब," आक्का म्हणाली.

अध्यक्षसाहेब हसले. समोर फोटोवाले उभे होते, त्यामुळे हसणं भागच होतं. "तेही काढायचे?"

"उघड्यावर झोपणाऱ्याच्या पायात असले बूट नसतात. कोट, चष्मा, फोन, ओळखपत्र, सगळं द्या. निवाऱ्याच्या कपाटात कुलपात राहील."

"बघा, आमची आक्का किती कडक आहे!" साहेब फोटोवाल्यांकडे वळले. "निधी असल्याच हातांत सुरक्षित राहतो."

बेघरांच्या निवाऱ्यासाठी नगरपालिकेचा नवा निधी दुसऱ्या दिवशी सभेत मंजूर व्हायचा होता. त्याआधी एक रात्र आपण स्वतः रस्त्यावर काढणार, अशी साहेबांनी गावभर दवंडी पिटली होती. जागा मात्र आक्काने निवडली. निवाऱ्याच्या दाराला लागून जुन्या बाजाराची दगडी कमान होती, तिच्याखालची.

त्या कमानीखालच्या दगडावर पूर्वी आक्काचा दादा झोपायचा. शेजारी ती.

थंडीच्या दिवसांत दादा वर्तमानपत्राच्या टोप्या करायचा. "थंडी आधी डोक्यात शिरते, छकुले. डोकं झाकलं की निम्मी लढाई जिंकली." लहानपणीही त्याने तिला टोपी अशीच शिकवली होती, तिचे हात आपल्या हातांत धरून. शेवटचं टोक तो उलटं वळवून आत खोचायचा. मग ती टोपी वाऱ्यावादळातही सुटत नसे. आक्काची दर वेळी सकाळपर्यंत सुटायची. "पुन्हा कर," दादा म्हणायचा. कधी वैतागला नाही.

मग रस्त्यावर झोपणारे कमी करण्यासाठी नगरपालिकेला पहिल्यांदा निधी मिळाला. साहेबांनी त्यातून गाडी घेतली. माणसं उचलून नाक्याबाहेरच्या माळावर टाकली की गावात झोपणारे कमी होतातच! साहेबांचा सत्कारही झाला. लोक त्या गाडीला उचलगाडी म्हणू लागले.

एका पहाटे आक्का नळावर गेली होती. परत येताना तिने पाहिलं, दोघांनी दादाला हातापायांना धरून गाडीत टाकलं. दादा ओरडला नाही. त्याला याआधीही कितीतरी जागांवरून असंच उचललं होतं. सवय झालेला माणूस ओरडत नाही.

तिने माळ पालथा घातला. तो सापडला नाही. "गेला असेल गं थंडीत," लोक म्हणाले. "सोड आता."

शोध तिने सोडला. साहेबांना सोडलं नाही. निवारा निघाला तेव्हा तिथली नोकरी तिने मागून घेतली. नेमणुकीचा कागद साहेबांनीच हसत हसत तिच्या हातात ठेवला. त्यांना ती आठवत नव्हती. आठवण्यासाठी आधी बघावं लागतं.

फोटो झाले, फोटोवाले पांगले. घोंगडीत पाय घेत साहेब हळूच म्हणाले, "आक्का, उचलगाडीच्या पथकाला कळवून ठेवा हं. पहाटे इकडे फिरकायचं नाही. नाहीतर आपलीच गाडी आपल्यालाच उचलायची!"

"कळवते की."

ती आत गेली. सगळ्यांची ताटं वाढली आणि मग पथकाच्या मुकादमाला फोन लावला.

"फोटो काढून साहेब केव्हाच घरी गेले. आता कमानीखाली एक जण आहे. आत यायला तयार नाही. स्वतःला अध्यक्ष म्हणवतो."

मुकादम खो खो हसला. "परवा एक जण राजा म्हणवत होता! नेतो नेतो."

"खूप आरडाओरडा करेल. ऐकू नका. आणि माळावर नको, तिथून परत येईल. पार नदीपलीकडे, जंगलाच्या तोंडाशी सोडा."

"या थंडीत? आक्का, तिथून कोणी परत येत नाही हो."

"गावात कोणी दिसता कामा नये, असा तुमच्या साहेबांचाच हुकूम आहे ना? घोंगडी तेवढी काढून घ्या. निवाऱ्याची आहे."

पहाटे धुकं होतं. आक्का खिडकीशी उभी राहिली. कमानीखाली डोक्यावरून घोंगडी घेतलेलं मुटकुळं निजलं होतं. उचलगाडी आली. दोघे उतरले. त्यांनी घोंगडी ओढून दगडावर भिरकावली आणि माणसाला हातापायांना धरून उचललं.

आक्का श्वास रोखून आरोळीची वाट पाहत होती. ती एक आरोळी ऐकण्यासाठी तिने इतकी वर्षं काढली होती.

आरोळी आलीच नाही. गाडीचं फळकूट आपटलं आणि गाडी धुक्यात गेली.

'वाचा बसली असेल,' आक्का मनाशी म्हणाली. ठसठसणारा काटा निघावा तसं तिला हलकं वाटलं. घोंगडी आणायला ती बाहेर आली.

तेवढ्यात एक मोटार हळूच येऊन थांबली. दिवे बंद होते. आतून साहेब उतरले. भांग पाडलेला, अंगावर जाड शाल, पायात घरातल्या सपाता.

"फोटोवाले आले नाहीत ना अजून? माझे बूट आणा बघू लवकर." साहेबांनी आवाज खाली आणला. "कुठं बोलू नका हं, आक्का. या दगडावर कोणाची कंबर टिकायची? तुम्ही आत वळलात आणि आमच्या ड्रायव्हरनं माझ्या जागी एक माणूस आणून निजवला. गावातला नको म्हटलं, कोणीतरी ओळखायचं. नाक्याबाहेर माळावर पडलेले असतात ना, त्यांतलाच एक म्हातारा. कुठं कुठं भटकून परवाच परत आलेला. ड्रायव्हर म्हणाला, जुन्या बाजाराची कमान म्हटल्याबरोबर न विचारता गाडीत येऊन बसला." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेला कुठं तो?"

आक्काने घोंगडी उचलली. घडीतून वर्तमानपत्राची एक टोपी दगडावर पडली. तिचं शेवटचं टोक उलटं वळवून आत खोचलेलं होतं, आणि ते सुटलेलं नव्हतं.