बिनमालकाचा कारखाना

मंगळवारी भरदुपारी बाळारामने आपल्या यंत्रमाग कारखान्यातले सगळे लूम बंद केले, तेव्हा भिंतीवरची पाल टपकन खाली पडली. बिचारी जन्मापासून त्या खडखडाटालाच धरून चिकटलेली होती.

कारण माडीवर होतं. खाली कारखाना, वर घर, आणि घरात पाचव्या महिन्यातली सून, मृणाली. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाच्या मेंदूत सध्या तारा जुळतायत. एकेक तंतू वाट शोधत जातो नि आपला जोडीदार धरतो. तेवढं ऐकूनच बाळाराम उठला होता.

"सुताची तुटलेली तार जोडायची तर लूम थांबवायला लागतो," तो बायकोला, पुतळाबाईला म्हणाला. "नातवाच्या डोक्यात गाठ राहिली म्हंजे?"

"आपला कुणाल पोटात होता तवा कुठं थांबवलेलं?"

"म्हणून तर तुझा कुणाल असा निघाला."

आता नारपोलीत शुक्रवारची सुट्टी नाही, लोडशेडिंग नाही, तरी लूम थांबले याचा अर्थ एकच. चुलतभाऊ केसरीनाथ खांद्यावर तिरडीचे दोन बांबू घेऊनच आला. बाळारामला समोर बघून थबकला.

"तू हायस? मंग गेलं कोण?"

त्याच्यामागे भाऊबंद. बायकांनी तर जिन्यातच सूर लावला. कोण गेलं ते नंतर कळलं असतं. कारागीरही माना खाली घालून बसले. "सेठ, बहुत बुरा हुआ," एकजण म्हणाला.

"कोण गेलेलं न्हाय," बाळाराम ओरडला. "यायचं हाय!"

गलका लूमच्या खडखडाटाच्याही वर गेला, तशी मृणाली पोटाला हात लावून जिन्यात आली.

"बाबा, तुम्ही अर्धंच ऐकून उठलात. आतलं कधी थांबतच नाही. ते तंतू आपले आपण एकमेकांना इशारे देत राहतात. त्या इशाऱ्यांनीच कामाची जोडणी पक्की होते, नको ती गळून पडते. थांबलं तर नीट जुळणारच नाही."

"चालत्या लूमवर तार जोडतंय?"

"हो."

"मुकादम कोण?"

"कुणी नाही."

"मालक?"

"तोही नाही."

बाळाराम केसरीनाथच्या बांबूंवर मटकन बसला. मग त्याने हात वर केला आणि लूम सुरू झाले. रडणाऱ्यांचे नुसतेच ओठ हलू लागले. पाल भिंतीवर चढली. मृणाली एकदम हसली. आतून लाथ बसली होती.

"काय म्हणतंय?" बाळाराम बोंबलला. काही ऐकू जाईना. तो दोन पायऱ्या चढून मान लांब करून बघू लागला.

त्या खडखडाटात कारखान्यात सगळे हाताच्या खुणांनीच बोलतात. मालक मागे येऊन उभा राहिला की कारागीर एकमेकांना एक खूण करतात: आलाय, बघू नका, चालू द्या.

पुतळाबाई नवऱ्याच्या पुढे होऊन सुनेच्या पोटाशी वाकली आणि तिने तीच खूण केली.