दारातलं कासव

वैद्यबाईंचा पेलाभर काढा घेतला की हिचे सांधे धरायचे, हात थरथरायचे. अमेरिकेत लेकीकडे गोचीड चावून लाइमचा आजार जडला. डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या तरी दुखणं उरलंच होतं. वैद्यबाई म्हणाल्या, "सोसत बसू नका. चमचाभरावर या, हळूहळू वाढवू."

चमचाभर काढा घेऊन ही पडून राहायची, पण दारात रांगोळी नाही म्हणून कुढायची. शेवटी मीच उकिडवा बसलो. कासव काढायला गेलो, झाला बटाटा. शेजारीण हसली. मी रोज बटाटेच काढत राहिलो.

आज ही भिंत धरत दारात आली. ठिपके मांडले, सरळ रेषेत. हात थरथरला नाही. मी आत निघालो.

"कुठे निघालात?" रांगोळीचा डबा माझ्याकडे सरकवत ही म्हणाली. "कोपऱ्यात जागा सोडलीये. तुमचं कासव राहिलंय."