रुळलेला बुलबुल

जाळीत अडकलेला शिपाई बुलबुल वसुधाने अलगद सोडवला. तिच्या मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं. रानातली पाखरं पिंजऱ्यात किती दिवसांत रुळतात, हे तिच्या सरांना पाहायचं होतं.

दोन दिवस बुलबुल गजांवर धडका देत राहिला. चोच रक्ताळली. बाहेर कण्हेरीवर त्याची जोडीदारीण साद घालत होती. चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी वजन करायला वसुधाने हात आत घातला, तर बुलबुल जागचा हललाही नाही.

“रुळला! लिही,” सर खूश झाले.

“सर, त्याने आशा सोडलीय.”

“तक्त्यात आशेचा रकाना आहे का?”

वसुधाने ‘रुळला’ लिहिलं आणि सर गेल्यावर पिंजरा उघडला. दाराकडे पाठ करून बुलबुल तसाच बसून राहिला.